कंटूर स्टिक: नागपूरच्या थंडीपासून पहिल्या पावसापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेली कंटूर स्टिक, म्हणजे गालाखाली सावली दाखवून चेहरा रेखीव करणारी मेकअपची कांडी, आता निम्म्याहून खाली आली आहे, म्हणजे लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला जमलेली शेड तुम्हाला जमेलच असं नाही, आणि कंटूरमध्ये सगळा खेळ शेडचाच आहे. पॅकिंग, किंमत, वास वगैरे नंतर.

इथल्या सीताबर्डीच्या बाजारात 'कंटूर दाखवा' म्हटलं की बरेचदा ब्रॉन्झर समोर येतो. दोन्ही तपकिरी, त्यामुळे विकणाऱ्यालाही फरक वाटत नाही. पण ब्रॉन्झर ऊन लागल्याचा भास देतो, म्हणून त्यात लाल-पिवळी झाक असते. कंटूरला सावली दाखवायची असते आणि सावली राखाडीकडे झुकते. हे सगळे तपकिरी रंग लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड कमीजास्त मिसळूनच होतात. लाल जास्त झालं की आपल्या गव्हाळ गालावर गेरूचा पट्टा ओढल्यासारखं दिसतं, मग स्टिक तीनशेची असो की तीन हजारांची.

शेड बघताना मनगट आणि दुकानातला लाइट दोन्ही विसरा. मी जबड्याच्या कडेला थोडं लावून, बोटाने पसरवून, दुकानाबाहेर उजेडात आरसा धरला. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "ताई, हा कलर डल आहे, थोडा वॉर्म घ्या नं." स्टिकमध्ये तो डलच दिसतो. गालावर पसरला की रंग म्हणून दिसत नाही, नुसती खोली दिसते, आणि पाहिजे तेच. गडदपणा फाउंडेशनहून दोन शेड पुरे. त्यापुढे गेलात तर ब्लेंड करता करता हात दुखतो आणि तरी कड राहतेच.

माझा चेहरा गोल. कानाच्या वरच्या टोकापासून गालाच्या हाडाखालून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने रेघ, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आली की थांबायचं. स्पंजने वरच्या दिशेने थोपटायचं. खाली ओढलं तर चेहरा उतरलेला दिसतो. जबड्याखाली थोडं, नाकाला जवळपास काहीच नाही. नथ घालायची असेल तर नाकाच्या बाजूला मुळीच नको, सारखा हात लागतो आणि तिथलंच आधी पुसलं जातं. डिसेंबरात एका लग्नात मावशीने हनुवटी धरून विचारलं, "काहून वं, वाळून राहिली का तू?" वजन होतं तेवढंच होतं. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?

थंडीत स्टिक निर्विवाद चांगली. इथली हवा इतकी कोरडी असते की नुसती पावडर गालाच्या रखरखीत जागांवर डाग धरते. आधी मॉइश्चरायझर, ते मुरेपर्यंत केस विंचरून घ्यायचे, मग स्टिक.

खरी परीक्षा मेमधली. पारा ४५च्या पुढे, आणि मुहूर्त भर दुपारचा. स्टिक स्कूटीच्या डिक्कीत ठेवायची नाही, मेणासकट मऊ होते. निघण्याआधी थोडा वेळ फ्रिजच्या दारात ठेवली की नीट लागते. पातळ थर स्टिकचा, त्यावर त्याच झाकेची पावडर हलकी दाबून, असं केलं तर गालाखालचं जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकलं. केसांच्या कडेचं मात्र आधीच घामासोबत गेलं, तिथे मी आता लावतच नाही. क्रम उलटा करू नका. पावडरवर क्रीम घासलं की गोळे होतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, कारण त्या मुली एसीत बसलेल्या असतात: कूलरसमोर मेकअप करू नका! कूलरची हवा ओलसर. चेहरा दमट राहतो आणि पावडर ठिपक्याठिपक्यांनी बसते. बाजूच्या खोलीत पंखा मंद करून उरका, मग काय कूलरला चिकटून बसायचं ते बसा.

जूनच्या अखेरीस पाऊस आला आणि माझं मत थोडं बदललं. दमट दिवसात स्टिक सरकते. ऑफिसला जाताना मी फक्त पावडर वापरते, बारीक तिरप्या ब्रशने. हा ब्रश स्टिकपेक्षा महाग पडला, पण त्यावर खर्च करा. मोठ्या ब्लशच्या ब्रशने कंटूर अख्ख्या गालावर जातो. वर पांढरी लूज पावडर लावत असाल तर घरीच फ्लॅश टाकून एक फोटो काढून बघा. सिलिका जास्त असलेली पावडर आरशात दिसत नाही, फोटोत पांढरी उमटते.

तक्रारी दोन. झाकण ढिलं आहे, पर्समध्ये निघतं. आणि उन्हाळ्यात माझा रंग एक शेड उतरतो, तेव्हा हीच स्टिक जेमतेम दिसते. डबीवर उघडल्यापासून १२ महिन्यांची खूण आहे, म्हणजे दिवाळीपर्यंत ही संपवायचीच. नंतर तीच झाक, पण एक शेड गडद घेईन. थंडीत हात हलका ठेवला की भागतं.