गोल्फच्या सरावाची वही: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या आणि घर-नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात सराव करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. रोज रेंजवर, म्हणजे फटके मारायच्या सरावाच्या मैदानावर असणाऱ्यांना यातलं निम्मं ठाऊक असेल. वापरलं काय, तर एक दोनशे पानी वही, दोन अलाइनमेंट स्टिक (निशाणाची रेषा धरायच्या काठ्या), घरात अंथरायची पटिंग मॅट (बॉल होलकडे गडगडवण्याच्या, म्हणजे 'पट'च्या सरावासाठी) आणि आमच्या प्रोबरोबर, म्हणजे प्रशिक्षकाबरोबर बसून आखलेला सरावाचा आराखडा. दिवाळीनंतर सुरू केलं, आता पाऊस लागला आहे. निकाल आधीच सांगते: हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) २७ वरून २३ वर आला. त्यात मोठा वाटा वहीचा, थोडा मॅटचा. स्विंग जवळजवळ होता तसाच आहे, आणि मला या सगळ्या प्रकारात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

खर्चाचं म्हणाल तर वही शंभराच्या आत. स्टिक मी गोल्फच्या दुकानातून घेतल्या, पण बोहरी आळीत सरळ, पातळ प्लास्टिकच्या नळ्या मिळतात, त्यांनीही काम तेच होतं. मॅट मात्र काही हजारांची आहे, तिच्याबद्दल पुढे.

पहिल्या पानावर प्रोनं माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. हँडिकॅप २०. स्कोअर (फेरीतले एकूण शॉट) १०० च्या आत. मग म्हणाला, "मॅडम, आता पान उलटा. हे वर्षभरानं बघायचं." तेव्हा मला हे थोडं नाटकी वाटलं, पण हिशेब केल्यावर पटलं. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात. आठवड्याला एक फेरी खेळणाऱ्याच्या २० फेऱ्या व्हायलाच पाच महिने लागतात. त्यातल्या १२ वाईट फेऱ्या तर मोजल्याच जात नाहीत. म्हणजे आज केलेल्या सरावाचा उपयोग झाला की नाही, हे त्या आकड्यावरून कळायला अर्धं वर्ष जातं. शिवाय हँडिकॅप म्हणजे आपला नेहमीचा खेळ नव्हे, चांगल्या दिवसाचा खेळ. तितकं खेळणं चार-पाच फेऱ्यांत एखाद्या वेळीच जमतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण दर रविवारी "आज काय झालं कळत नाही" म्हणत चहा पितात. काही झालेलं नसतं. रविवार नेहमीसारखाच असतो.

'१०० च्या आत' या ध्येयाचा त्रास निराळा. ते फेरी चालू असताना दिसतं. पंधराव्या होलपर्यंत बेरीज मनात तयार असते, आणि उरलेल्या तीन होलवर आपण बॉल मारत नाही, वजाबाकी मारतो. त्यावर उपाय साधा: स्कोअरचं कार्ड कॅडीकडे, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाकडे. आमच्याकडे एक वयस्कर कॅडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. स्कोअर ते लिहितात, मला शेवटच्या ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक गवतावरून) उतरल्यावर दाखवतात. मी फक्त माझे चार रकाने भरते.

हे चार रकाने म्हणजेच माझ्या मते या पद्धतीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. प्रत्येक होलसाठी: टी शॉट (होलचा पहिला फटका) खेळण्याजोग्या जागी पडला का, दंडाचे शॉट किती, ग्रीनपासून ३० यार्डांच्या आत आल्यावर ग्रीनवर पोचायला किती शॉट लागले, आणि पहिला पट किती पावलांवरून, त्यानंतर एकूण पट किती. पटांची नुसती संख्या फसवी असते. चिपनं, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यानं, बॉल होलजवळ ठेवणाऱ्याला पट कमी लागतात, ते त्याचं पटिंग चांगलं म्हणून नव्हे. लांबून ग्रीनवर पोचणाऱ्याला जास्त लागतात, तरी त्याचा खेळ बरा असू शकतो. हीच गोम ओळखून कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी 'स्ट्रोक्स गेन्ड' ही मोजणी मांडली, आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेनं २०११ पासून पटिंगसाठी ती वापरात आणली. त्यांच्या आकडेवारीतून निघालेली गोष्ट बहुतेक क्लबांतल्या गप्पांच्या उलट आहे: चांगल्या आणि साधारण खेळाडूंतल्या फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडून मारलेल्या शॉटमध्ये असतो. 'ड्राइव्ह दाखवायला, पट कमवायला' हे वाक्य ऐकायला छान आहे, एवढंच.

माझी गळती कुठे निघाली? दोन ठिकाणी. एक, ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी). बॉल ओबी (हद्दीबाहेर) गेला की एक दंडाचा आणि पुन्हा तिथूनच मारायचा, म्हणजे दर वेळी दोन शॉटचं नुकसान, आणि अशी नुकसानं माझ्या जवळजवळ प्रत्येक फेरीत होती. दुसरी, ग्रीनच्या काठावरची. बॉल वीस यार्डांवर असायचा आणि मला तिथून ग्रीनवर पोचायला दोन शॉट लागायचे, कधी तीन. मधल्या आयर्नबद्दल, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबबद्दल, मला जी खंत होती, तिचा रकान्यांत मागमूसही नव्हता. ज्या क्लबचा मी सर्वांत जास्त सराव करत होते त्याची मला सर्वांत कमी गरज होती, हे कागदावर यायला महिना-दीड महिना लागला.

तिथून ध्येयं बदलली. दंडाचे शॉट फेरीला दोनपेक्षा जास्त नकोत. ३० यार्डांच्या आतून पहिला शॉट ग्रीनवर थांबलाच पाहिजे, होलजवळ नसला तरी चालेल. बस्स. स्कोअरचा उल्लेख नाही, आणि दोन्ही गोष्टी त्याच दिवशी कळतात. माझं म्हणणं असेल तर ते हेच: ध्येय स्कोअरवर ठेवू नका, स्कोअर जिथून गळतो त्या भोकावर ठेवा. मग सराव काय करायचा हे विचारावंच लागत नाही, आणि काय करायचं नाही तेही आपोआप ठरतं.

आता बकेट, म्हणजे रेंजवर मिळणारी सरावाच्या बॉलची बादली. पूर्वीची माझी बकेट म्हणजे सेव्हन आयर्न काढायचा आणि संपेपर्यंत मारत सुटायचं. शेवटचे दहा-पंधरा बॉल सुरेख जायचे, मन प्रसन्न. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर पहिल्या टीवर उभं राहिलं की ते सौंदर्य गायब. आराखड्यात बकेटचे तीन वाटे केले. पहिल्या वाट्यात एकच तांत्रिक गोष्ट, एकच क्लब, स्टिक जमिनीवर ठेवून. दुसऱ्या वाट्यात प्रत्येक बॉलला क्लबही बदलायचा आणि निशाणही. तिसऱ्या वाट्यात आपला कोर्स डोळ्यांसमोर आणून खेळायचं: टी शॉट, तो जिथे गेला असता त्यानुसार पुढचा क्लब, मग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब). प्रत्येक बॉलच्या आधी मागे येऊन निशाण बघायचं, त्यामुळे बकेट संपायला दुप्पट वेळ लागतो. लहान बकेट घ्या, पैसेही वाचतात.

दुसऱ्या वाट्यात सुरुवातीला फटके भयंकर जातात. हे अपेक्षितच आहे, आणि त्यामागे जुनं संशोधन आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींच्या एका प्रयोगात दाखवलं की एकच क्रिया ओळीनं घोटणारे सरावात पुढे असतात, पण काही दिवसांनी परीक्षा घेतली की क्रिया आलटून पालटून करणारेच सरस ठरतात. शाळेतल्या पाढ्यांचं तसंच होतं. सतराचा पाढा सुरात म्हणणाऱ्या पोराला मध्येच 'सतरा आठे किती?' विचारलं की ते पहिल्यापासून सुरू करतं. गोल्फ कोर्स मध्येच विचारतो, आणि पहिल्यापासून सुरू करू देत नाही.

रेंजबद्दल एक सावधगिरी. कृत्रिम गवताच्या मॅटवर क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी तो घसरत पुढे जातो आणि बॉल बरा उडतो. खऱ्या गवतावर तोच फटका मातीत रुततो. म्हणून मी बॉलच्या मागे वीतभर अंतरावर पंचा घडी करून ठेवते. क्लब पंच्याला लागला तर बॉल कितीही छान गेला तरी वहीत शून्य.

ड्रायव्हरसाठी काय केलं? तो थोडा कमी वेळा मारला, एवढंच. अरुंद होलवर हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) घेते. रेंजवर दोन खुणा साधारण ३० यार्डांच्या अंतरानं मनात धरते, हायब्रिडनं दहा बॉल मारते, मधून किती गेले ते लिहिते. सात गेले की त्या दिवसाचं काम झालं. ड्रायव्हरचाही असाच हिशेब ठेवला आहे, आणि तो अजून सातापर्यंत पोचलेला नाही, म्हणून त्याला रुंद होलांपुरतीच परवानगी आहे.

पटिंग मॅटबद्दल माझं मत संमिश्र आहे. रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं काढता येतात, हा तिचा खरा फायदा. पटरचं तोंड सरळ येतं का, हे तिच्यावर उत्तम कळतं: बॉलपुढे दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) उभ्या करायच्या, मधून जेमतेम बॉल जाईल एवढी फट ठेवायची. तीन फुटांवरचे पट यामुळे माझे नक्की सुधारले. पण मॅटचा वेग ठरलेला असतो आणि लांबी ठरलेली असते, त्यामुळे लांब पटचं वजन हातात बसत नाही. ते ग्रीनवर जाऊनच, १०, २०, ३० पावलांवरून, डोळा होलवर ठेवून शिकावं लागतं. आणि आठ फुटांवरून पट चुकला म्हणून कपाळाला हात लावू नका. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा त्या अंतरावरून साधारण निम्मेच पट घालतात. माझं ध्येय तिथे 'घालणं' नाहीच, दुसरा पट सोपा ठेवणं आहे. (मॅटच्या टोकाशी बॉल फरशीवर पडतो. खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "रात्री गोट्या कोण खेळतं गं तुमच्याकडे?" तेव्हापासून तिथे सतरंजी आहे.)

ज्या ध्येयाचं काय करावं हे बरेच दिवस सुचत नव्हतं ते म्हणजे घाई. प्रत्येक शॉटआधी मागून निशाण, एक श्वास, मग स्टान्स (पाय रोवून उभं राहणं), हे कागदावर लिहिणं सोपं. मी ते पाळलं की नाही हे मला कसं कळणार? घाईत असलेल्या माणसाला आपण घाईत आहोत हे कळत नाही. शेवटी मामांना सांगितलं. त्यांनी युक्ती काढली: मी घाई केली की ते एक टी डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकतात. बोलत काही नाहीत. फेरी संपली की उजवा खिसा माझ्या हातावर रिकामा करतात. माझ्या सगळ्या मोजण्यांत हीच मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. लोहगावची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की पुढच्या फटक्याला हमखास टी सरकते, असं मामांचं निरीक्षण आहे. खरं असावं.

पावसाळ्यात आराखडा बदलावा लागला, आणि पुण्यात हे आधीच धरून चालायला हवं. बॉल पडल्या जागी रुततो, पुढे गडगडत नाही. हिवाळ्यात जे अंतर आपलं वाटायचं त्यातलं पुष्कळसं जमिनीनं दिलेलं होतं, हे जूनमध्ये समजतं. म्हणून क्लबचं अंतर लिहिताना बॉल हवेत किती गेला तेवढंच लिहा. त्यातही पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे मुंबईपेक्षा इथे बॉल दोनेक टक्के लांब जातो. १५० यार्डांच्या फटक्याला तीन यार्ड. मुंबईला खेळायला जाणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं, त्याहून जास्त त्याचा बाऊ नको. ग्रीनही पावसात संथ होतात, त्यामुळे पटांच्या रकान्याची तुलना मी जानेवारीशी करत नाही, मागच्या आठवड्याशी करते.

न आवडलेलं? वही कंटाळा आणते. चार रकाने हीच मर्यादा आहे. मी मध्ये सात केले होते, दोन फेऱ्यांत सोडून दिले. मैत्रिणींबरोबर खेळताना वही काढली की टोमणे बसतात, तेही धरून चाला. आणि ज्यांच्याकडे दिवसाचे अनेक तास आहेत त्यांच्यासाठी हा आराखडा अपुराच पडेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला उदयन माने पुण्याचाच, पण त्याच्या पातळीवरच्या खेळाडूचं वेळापत्रक बघून आपलं आखायला गेलं तर आठवड्याभरात पाठ धरेल.

लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं. माझ्या पातळीवर नको. तो फिरकी आणि वेग सांगेल, बॉल कुंपणापलीकडे का मारला ते सांगणार नाही. त्या पैशात प्रोबरोबर ग्रीनच्या काठावर चार-सहा तास घ्या. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी घ्या, सकाळी लवकर, तेव्हा चिपिंग ग्रीन मोकळं असतं आणि एकाच जागेवरून नऊ बॉल मारायची वेळ येत नाही. तीन जागांवरून तीन-तीन, दर वेळी वेगळ्या झेंड्याकडे. किती ग्रीनवर थांबले, तेवढंच लिहायचं.