इअरमफ: आवाज अडतो, पण डोकं आवळतं

स्वमग्न मुलासाठी किंवा मोठ्या माणसासाठी इअरमफ (डोक्यावरच्या पट्टीने जोडलेल्या, कडेला गादी असलेल्या, कान झाकून आवाज अडवणाऱ्या दोन वाट्या) घेताना बहुतेकजण खोक्यावरचा डेसिबलचा आकडा बघतात. तो बघावाच. पण ही वस्तू कपाटात जाऊन पडते ती बहुधा दाबामुळे. ज्याला आवाज सोसत नाही, त्याला पुष्कळदा स्पर्शही सोसत नाही, आणि इअरमफ डोक्याला दोन्ही बाजूंनी सतत चिमटा लावून बसतो. कानासाठी घेतलेली वस्तू त्वचा नाकारते.

आधी आकड्याचं. एसएनआर म्हणजे एकंदर आवाज किती डेसिबलने अडतो त्याचा आकडा. एसएनआर २७ लिहिलेलं असेल, तर शेजारी एच, एम, एल असे आणखी तीन आकडे सापडतील. एच चिरक्या आवाजांसाठी, एम मधल्या आणि एल खर्जातल्या आवाजांसाठी. एल जवळपास नेहमीच सर्वांत कमी असतो. एसएनआर २७ असला तरी एल १५ च्या आसपासच भरतो. म्हणून बाळाचं किंचाळणं किंवा शिट्टी बोथट होते, पण जनरेटरची घरघर आत येतेच. अशा एकसुरी घरघरीवर बॅटरीवर चालणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन सरस. दार आपटणं, फुगा फुटणं यांसारख्या अचानक आवाजांना मात्र ते पुरे पडत नाहीत. तिथे साधा इअरमफच बरा. आणि हे सगळे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. चष्म्याची जाड काडी किंवा केसांची बट गादीखाली आली की फट पडते आणि आकडा घसरतो. इअरमफ घातल्यावर कानामागे गादीच्या कडेवरून बोट फिरवून बघा, फट लगेच हाताला लागते.

आता दाब. पट्टी इतकी ओढा, की अख्खा कान वाटीच्या आत राहील. कानाची पाळी दुमडली तर पाच मिनिटांत ठणकते. नवी पट्टी फार आवळत असेल, तर डोक्यापेक्षा जरा रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. जास्त सैल मात्र करू नका, आवाज अडायचा थांबेल. ‘टोचतंय’ हे सगळ्यांनाच सांगता येत नाही. आपल्या शरीराला काय होतंय ते ओळखणंच काहींना अवघड जातं. म्हणून काढल्यावर कानामागे लाल वळ आहेत का आणि ती व्यक्ती कानशिलं चोळते का, हे आपण बघायचं.

सवय शांत खोलीत लावा. पहिले एक-दोन दिवस नुसता टेबलावर ठेवा, हाताळू द्या. मग १०-१५ सेकंद, मग दोन-तीन मिनिटं. स्वतः घालता-काढता येणं सर्वांत महत्त्वाचं. गोंगाटात पहिल्यांदाच जबरदस्तीने चढवला, तर इअरमफ दिसला की त्रासच आठवतो.

दिवसभर घालू नका, हे कळकळीने सांगतो. दोन आठवडे कानात बोळे घालून राहिलेल्यांना नंतर तेच आवाज अधिक मोठे वाटू लागल्याचं प्रयोगात दिसलं आहे. गोंगाटाच्या ठिकाणी घाला, बाहेर आलात की काढा. रस्ता ओलांडताना नकोच.

माणसांशी वागण्याबोलण्यातला घोटाळा वेगळाच. इअरमफ आवाजाबरोबर बोलणंही खातो. नावाने हाक मारली, उत्तर आलं नाही, की ‘मुद्दाम दुर्लक्ष करतोय’ असा शिक्का बसतो. समोर येऊन, दिसेल अशा अंतरावरून हात हलवा. मागून खांद्यावर थाप मारू नका. ज्याला स्पर्श सोसत नाही, त्याचा तोल तिथेच जातो.

किशोरवयात हा डोक्यावरचा डोलारा चारचौघांत नकोसा वाटतो. त्या वयात आणि नोकरीत बोलणं ऐकू येऊ देणारे, फिल्टर असलेले इअरप्लग चालतात. आवाज कमी अडतो, पण ते वापरले तरी जातात. कानाच्या नळीत काही घातलेलं सहनच होत नसेल, तर तो मार्ग बंद. उतारवयात काहींना ऐकू कमी येतं आणि तरी मोठा आवाज सोसत नाही, दोन्ही एकदम. श्रवणयंत्रावरून इअरमफ चढवला की यंत्र शिट्टी मारू शकतं. तेव्हा आधी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) यंत्राची कमाल आवाजमर्यादा खाली आणून घ्यावी.

गादीचा फोम घामाने कडक होतो, तडकतो. ज्या मॉडेलची गादी वेगळी मिळते तेच घ्या आणि रोज वापर असेल तर सहा महिन्यांनी बदला. नवी गादी पुन्हा थोडी जास्त दाबते, तेव्हा पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर नको.