चमत्कारांची पेटी उत्तम, पुस्तिका मात्र उतावळी

बुवाबाजीमागचं विज्ञान शाळा-कॉलेजांत दाखवण्यासाठी तयार पेटी मिळते. आत पोटॅशियम परमँगनेट, ग्लिसरीन, मिथिल ऑरेंज, ड्रॉपर, पितळेची लहान मूर्ती आणि एक पुस्तिका. सामान चांगलं आहे. 'हवेतून विभूती'साठी लागणारा विषारी मर्क्युरिक क्लोराइड दिलेला नाही, याचे गुण वेगळे. गोव्यात वापरताना दोन ठिकाणी मात्र ती अडखळते: पावसाळी दमट हवेत आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर.

'मंत्राने अग्नी' हा प्रयोग सगळ्यांना हवा असतो. लादीवर चमचाभर परमँगनेट, मध्ये खळगा, त्यात चार-पाच थेंब ग्लिसरीन. थोड्या वेळाने धूर, मग एकदम ज्वाळा. पण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. बूच सैल राहिलं तर जुलैत ते इतकं पातळ होतं की नुसतं फसफसतं किंवा फार उशिरा पेटतं. 'फसलं वाटतं' म्हणून कुणीतरी वाकून बघतो आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. खडे मोठे असले की उशीर आणखी वाढतो. ते कोरड्या, स्वच्छ खलात एकटेच बारीक करावेत. शेजारी वाळूची बादली हवीच.

लिंबातून 'रक्त' काढायला मिथिल ऑरेंजची गरजच नव्हती. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून सुकू द्या. आम्लात तो रंग लाल होतो. घाडी (गावातला मांत्रिक) असंच काही करू शकतो हे मुलांना परसातल्या फुलावरून जास्त पटतं.

मूर्तीच्या 'दूध पिण्या'चा प्रयोग (21 सप्टेंबर 1995ची आठवण) नीट जमतो. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीला चिकटतं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. दुधात खायचा रंग घातला की ओघळ स्पष्ट दिसतो. रंगासाठी कोकमाचं आगळ मात्र नको, दूध फाटतं.

पेटीत नाही ते कौलाचं, म्हणजे देवाच्या मूर्तीला चिकटवलेली कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते त्यावरून उत्तर घेण्याचं प्रात्यक्षिक, आणि गोव्यात पहिला प्रश्न तोच येतो. ते घरच्या घरी जमवता येतं. गुळगुळीत काळा दगड उभा करा, ओला करा, डावी-उजवीकडे सारख्या आकाराच्या पाकळ्या चिकटवा, पंखा बंद ठेवा. पाणी जास्त झालं तर पाकळी घसरते, सुकलं तर सुटते. समई एका बाजूला ठेवली की त्या बाजूचं सुकणं आधी होतं. तोच प्रश्न वीस वेळा विचारा आणि पहिली पाकळी कुठली पडली ते लिहा. निव्वळ योगायोग असेल तर उजवा कौल साधारण दहादा येईल. सहा ते चौदा यांत काही नवल नाही, शंभरातल्या पंचाण्णव खेपांना तसंच होतं. अठरा आले तर आधी दगडाचा उतार आणि समई तपासावी.

आता ते शेवटचं पान. पुस्तिका म्हणते, चमत्कार खोटे, म्हणून देव नाही. पेटीतल्या कुठल्याच बाटलीने हे सिद्ध होत नाही. साक्षीदार खोटा ठरला की त्याची साक्ष बाद होते, दाव्याचा निकाल लागत नाही. दुसरा साक्षीदार आणायचं काम दावा करणाऱ्याचं, आणि तोवर 'मी मानत नाही' म्हणणारा नास्तिक तर्काला धरूनच असतो. 1869 साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने 'अज्ञेयवादी' हा शब्द घडवला तो याच जागेसाठी: जे कळायला आधार नाही ते कळल्याचा आव आणू नये. वीस कौल दहा-दहा पडले तर पाकळीला उत्तर ठाऊक नसतं एवढंच कळतं. 'देव परीक्षेला बसत नाही' म्हणणाऱ्या भाविकाला पेटी काही सांगू शकत नाही. पण मग पडलेल्या कौलाचा दाखलाही त्याला देता येणार नाही, हे प्रयोग दाखवणाऱ्याने नम्रपणे सांगावं.

पुस्तिकेला खरं तर पणजीतलंच उदाहरण मिळालं असतं. जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे आबे फारिया हे पाद्री. संमोहन कुणाच्या अंगातल्या चुंबकी शक्तीने नव्हे, तर त्या माणसाच्या स्वतःच्या मनामुळे आणि सूचनेमुळे घडतं, असं त्यांनी पॅरिसमध्ये मांडलं. 1819 साली त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. गूढ शक्ती त्यांनी मोडीत काढली आणि अंगातला पाद्रीचा झगा तसाच राहिला.

शिरगावच्या जत्रेत भाविक होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात, त्यावरचं अर्धं पान बरं आहे: निखाऱ्यातून उष्णता सावकाश वाहते आणि पाऊल क्षणभरच टेकतं. त्याचा प्रयोग दिलेला नाही, तो शाळेच्या अंगणात करूही नये.

पेटी घ्यावी. ग्लिसरीन छोट्या, घट्ट बुचाच्या बाटल्यांत वाटून ठेवावं, आणि पुस्तिका मुलांच्या हाती देण्याआधी शेवटचं पान काढून ठेवावं.