सी-१३०जे की सी-३९०: लोहगावच्या कुंपणाबाहेरून

लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडाली की विमाननगरपर्यंत काचा थरथरतात आणि पुणेकर माना वर करतात. मालवाहू विमानांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. पण हवाई दलाच्या जुन्या एएन-३२ मालवाहू विमानांनंतर काय घ्यायचं, सी-१३०जे की सी-३९०, हा प्रश्न मला लढाऊ विमानांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कागदावर ब्राझीलचं सी-३९० सरस आहे. ते २६ टन वजन उचलतं, तर अमेरिकेचं सी-१३०जे साधारण १९-२० टन. सी-३९०ची दोन जेट इंजिनं अनेक एअरबस ए-३२० प्रवासी विमानांवर असतात त्याच कुळातली, त्यामुळे त्यांची कामं जाणणारे हात आपल्याकडे आहेत. वेगातही ते बरंच पुढे. पुण्याहून लेहला सामान न्यायचं तर वेळ नक्की वाचेल.

पण खरी परीक्षा लेहच्याही पुढे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी आपलं सी-१३०जे लडाखमध्ये चीन सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डीला, सुमारे १६,६०० फुटांवरच्या कच्च्या पट्टीवर उतरलं. तिथे हवा विरळ, खाली माती-खडी. सी-१३०जेचे सहा पात्यांचे चार पंखे असल्या जागी भरवशाचे ठरतात. सी-३९०सुद्धा कच्च्या पट्टीसाठी बनवलंय, पण ते सेवेत आलं २०१९ मध्ये, आणि हिमालयात त्याला अजून स्वतःला सिद्ध करायचंय.

शिवाय सी-१३०जे हवाई दलाकडे आधीपासून आहे. वैमानिक तयार आहेत, सुटे भाग आहेत. त्याच्या शेपटीचे भाग तर हैदराबादेत बनतात.

माझं मत सी-१३०जेला. सी-३९० घ्यायचंच तर आधी लडाखच्या पट्ट्यांवर, भर उन्हाळ्यात, वजनासकट उतरवून दाखवा म्हणावं.