आयबीएससाठी संमोहन उपचार: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डोंबिवली ते दादर, सकाळची फास्ट लोकल. ज्यांना आयबीएस (तपासण्या नॉर्मल येऊनही पोटात कळा, गॅस आणि अचानक संडासची घाई होणारा आतड्यांचा विकार) आहे त्यांना एवढ्यावरूनच सगळं कळेल. डब्यात संडास नाही, दारापर्यंत पोचायला जागा नाही आणि पोटात मुरडा उठला की पुढचं स्टेशन येईपर्यंत जीव मुठीत. सहा वर्षं मी घरातून काहीही न खाता निघायचे. कुठल्या स्टेशनचं शौचालय कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठल्या टोकाला, हे पाठ होतं. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, सिलियॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजाराची) तपासणी झाली, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. गोळ्यांनी पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच संमोहन उपचार सुचवले.

इथे माझी एक मोठी चूक झाली. घाईघाईत मी भलत्याच माणसाकडे गेले. ‘एका बैठकीत मुळापासून बरं करतो’ असं सांगून त्यांनी सहा हजार घेतले आणि माझा पोटाचा त्रास मागच्या जन्मातल्या विषप्रयोगामुळे आहे म्हणाले. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. संमोहनात मन सूचनांना मोकळं झालेलं असतं, त्यामुळे तिथे कुणी काही ‘आठवायला’ लावलं तर खोटी आठवणसुद्धा खरी वाटू लागते. म्हणून कळकळीने सांगते, समोरची व्यक्ती आधी डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना ते बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नंबर मागायला अजिबात संकोचू नका.

नंतर ज्या मॅडम मिळाल्या, त्यांनी पहिल्या सेशनला संमोहन केलंच नाही. पाऊण तास फक्त प्रश्न. दुखतं कुठे, कधी, कुठल्या विचाराने वाढतं, झोप कशी आहे. सगळे रिपोर्ट पाहिले. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारा त्रास यांतलं काही आहे का, हेही विचारलं. असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे परत जायचं. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर ही पद्धत सहसा वापरत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

पोटाच्या विकारासाठीची ही पद्धत इंग्लंडमधल्या मँचेस्टरची. डॉ. पीटर व्होरवेल यांनी 1984 साली तिथल्या 30 रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. कुठल्याच उपचाराला दाद न देणारे ते रुग्ण होते आणि संमोहन घेतलेल्यांना स्पष्ट फरक पडला होता. योगायोग असा की ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ करणारे जेम्स ब्रेड हे सर्जनही 1843 मध्ये मँचेस्टरमध्येच काम करत होते. ग्रीकांच्या निद्रादेवावरून आलेलं हे नाव फसवं आहे हे पुढे त्यांनाही पटलं, कारण यात झोप लागत नाही.

आई सारखी म्हणायची, “कुणाच्या ताब्यात जाऊ नकोस गं बाई.” तिला मी दुसऱ्या सेशननंतर सगळं सांगितलं. आरामखुर्चीत बसायचं, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं. पापण्या जड झाल्या की मिटायच्या. मग मॅडम दहापासून उलटे आकडे मोजत एकेक पायरी उतरायला सांगतात. हात खुर्चीत रुतल्यासारखा जड होतो. मी शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत होते, तीन झाल्या हेही कळलं, पण उठून बसावंसं वाटत नव्हतं. मग तळहात पोटावर ठेवायचा आणि त्याची ऊब आत झिरपते आहे असं अनुभवायचं. पुढे नदी येते. मला कृष्णेचा आमच्या गावाजवळचा संथ पट्टा दिसला, मॅडमनी तोच धरून ठेवला. आतड्यांची हालचाल तशी, एका लयीत. डोळे उघडले तेव्हा दहा मिनिटं झाली असतील असं वाटलं. घड्याळात पस्तीस मिनिटं गेली होती. गालावर पाणी होतं, का ते कळलं नाही. उठल्यावर थोडा वेळ बसून राहा, लगेच स्कूटर काढू नका.

खरं काम मात्र घरी असतं. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग देतात, ते रोज ऐकायचं. तिसऱ्या आठवड्यात मी चार दिवस टाळलं आणि लगेच जाणवलं. हा रियाज आहे. पहिले पाच आठवडे मला काडीचा फरक नव्हता आणि सोडून द्यायचा विचार पक्का झाला होता. सहाव्या आठवड्यात कळ यायची, पण ती आली की घाबरून अंग आकसायचं ते थांबलं. मग कळाच विरळ झाल्या. माझी दर पंधरा दिवसांनी एक अशी नऊ सेशन झाली, प्रत्येकी दीड हजार. खर्च थोडा नाही, आणि विम्यातून मला एक पैसा मिळाला नाही.

गॅस आणि पोट फुगणं निम्म्याने कमी झालं, गेलं नाही. पाळीच्या आधीचे दोन दिवस अजून वाईटच असतात. सगळ्यांना गुण येईल असंही नाही. प्रत्येकाची संमोहित होण्याची क्षमता वेगळी असते. माझ्याबरोबर ऑफिसातली एक मैत्रीण जायची, ती सहा सेशननंतरही पायऱ्यांच्या पुढे गेली नाही आणि तिने बंद केलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या अलीकडे गाडी पंचवीस मिनिटं उभी राहिली. पूर्वी एवढ्यात मला घाम फुटला असता. मी पर्समागे तळहात पोटावर ठेवला, श्वास सोडला आणि नदी आठवली. पोटात गुरगुरलं, पण मुरडा उठला नाही. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की दादरला शौचालय कुठल्या टोकाला आहे हे मी आठवलंच नव्हतं. आता दोन महिन्यांतून एकदा जाते, रेकॉर्डिंग मात्र रोज रात्री साडेनऊला. सकाळी पोहे खाऊन निघते. कांदा अजून घालत नाही.