इन्स्टाग्राम उघडू, की व्हॉट्सअ‍ॅप पुरे?

धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा मी सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, बरण्या पुसत होते. "वैनी, यंदा मी पण विकायला काढते. इन्स्टाग्राम उघडू, फेसबुकवर जाऊ, की व्हॉट्सअ‍ॅपवरच भागेल? हे म्हणतात, त्या भानगडीत पडूच नको." तिचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, माझं शेजारच्या डिचोलीत. पाच वर्षं मी घरचं मिस्कूट (कैरीचं लोणचं), सोलं, फणसाची साठं आणि मोसमात दारचे मानकुराद आंबे फोनवरून विकते. तिला तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं, तेच इथे सलग लिहितेय.

सोशल मीडिया बरा की वाईट, या प्रश्नाने मी कधीच कुठे पोचले नाही. एकाच फोनात दोन निराळी कामं असतात, ती आधी वेगळी करायला हवीत. आपल्याला ओळखणाऱ्या माणसांपर्यंत निरोप पोचवणं हे एक. अनोळखी लोकांनी केलेलं, यंत्राने आपल्यासाठी निवडलेलं आणि कधी न संपणारं बघत बसणं हे दुसरं. माझा फायदा जवळजवळ सगळा पहिल्यातून झाला, तोटा जवळजवळ सगळा दुसऱ्यातून. 'जवळजवळ' का, ते पुढे येईल.

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरुवात करू. मानकुरादला 2023 साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं, पण माझ्या गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं. तो विचारतो, "परसातल्या झाडाचाच ना?" झाडाखाली गवतावर मांडलेल्या दोन डझनांचा फोटो सकाळी स्टेटसला ठेवला की दुपारपर्यंत ते ठरून गेलेले असतात. चोवीस तासांनी स्टेटस आपोआप जातं, त्यामुळे संपलेल्या मालासाठी कुणी विचारत राहत नाही. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आपल्यासारख्यांना तेवढे रग्गड. मात्र एक गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली: ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा निरोप जातच नाही. मी बापडी चवथीच्या आधी सगळ्यांना कळवलं म्हणून निश्चिंत, आणि निम्म्या लोकांना पत्ताच नाही. तेव्हापासून बरणी हातात देताना मी आधी नंबर सेव्ह करून घेते, मग पैसे घेते.

आता ते 'जवळजवळ'. तोटा ओळखीच्यांकडूनही होतो. वाड्याचा गट, देवळाचा गट, भजनी मंडळाचा, बचत गटाचा, शाळेतल्या पालकांचा. पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं. मागच्या जुलैत मुसळधार पाऊस होता आणि पालकांच्या गटावर शाळेला सुट्टी असल्याच्या परिपत्रकाचा फोटो आला. सही, शिक्का सगळं होतं, फक्त तारखेची ओळ कापलेली. शेजारणीने मुलाला घरी ठेवलं. त्या दिवशी त्याची परीक्षा होती, आणि कागद आदल्या वर्षीचा निघाला. असले निरोप पसरू नयेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅपने 2018 साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा घातली. फार फिरलेला निरोप तर 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दोन बाण दिसतात. ते बाण दिसले की मी हात आवरते. पण स्क्रीनशॉट काढून टाकणाऱ्यांपुढे बाणांचं काय चालणार!

फेसबुकचं गोव्यात एक खरं काम आहे. आपली निम्मी माणसं मुंबईत, आखातात नाहीतर विलायतेत. मंगेशीची सोमवारची पालखी कुणीतरी लाइव्ह दाखवतं आणि गिरगावात बसून कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत, ते) हात जोडतात. माझी जुनी, वयस्क गिऱ्हाइकं फेसबुकवरच सापडली. पण तिथेच मराठी-कोकणीचा वाद पेटतो. राजभाषा कायदा 1987चा, आणि भांडण मात्र रोज सकाळी नव्याने. मी एकदाच तोंड उघडलं, तेही लिपीबद्दल. दोन दिवस परके लोक माझ्या माहेरापर्यंत पोचत होते. लोणच्याची एक बरणी त्यातून खपली नाही.

दुसरा फटका पैशांचा. खरेदी-विक्रीच्या एका गटावर मी मिस्कुटाचा फोटो टाकला. एकाने दहा बरण्या मागितल्या. म्हणे लष्करात आहे, मेससाठी हव्यात. भाव केला नाही, तिखट किती तेही विचारलं नाही. मला शंका यायला हवी होती ती तिथेच, कारण भाव न करणारं गिऱ्हाईक गोव्यात मी पाहिलेलं नाही. त्याने क्यूआर कोड पाठवला: "स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." मी टाकला आणि तीन हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे मला माहीत होतं, तरी टाकला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तो दुसऱ्या दिवशी, लाजेपायी. तिथे सगळा खेळ पहिल्या तासा-दोन तासांचा असतो. पैसे परत आले नाहीत.

इन्स्टाग्रामकडे जावेचं मन जास्त ओढतं, म्हणून तिला हे नीट सांगितलं. रील्स भारतात जुलै 2020मध्ये आले, टिकटॉकवर बंदी आल्यावर काही दिवसांतच. आपल्याला फॉलो न करणाऱ्यांनाही रील दाखवली जाते, हा त्यांचा मोठा गुण. माझ्या भाचीची मोरजीला दोन खोल्यांची होमस्टे आहे, तिला इन्स्टाग्राम हवंच. तिचं गिऱ्हाईक अनोळखीच असणार, मोपाला विमानातून उतरणारं. आपलं तसं नाही. सोलं रसात बुडवून वाळत घालतानाची माझी एक रील हजारोंनी पाहिली. गिऱ्हाइकं आली तीन. दोघं लांबची, त्यांच्या पार्सलातल्या मिस्कुटाचं तेल वाटेत गळलं, ते निराळंच. तिसऱ्या पणजीच्या बाई, ज्यांच्याकडे माझा नंबर आधीपासून होता.

आणि त्या बदल्यात? ते यंत्र रोज काहीतरी मागतं. दोन दिवस नाही टाकलं की आपणच खट्टू होतो, मग टाकायला जातो आणि बघत बसतो. मेच्या अखेरीस अंगणात सोलं चौथ्यांदा रस पिऊन वाळत होती. आभाळ भरून आलेलं, सासूबाई आतून हाका मारताहेत, आणि मी पडवीत बसून दुसऱ्याच कुणीतरी सोलं वाळवतानाची रील बघतेय. वळवाची सर पाच मिनिटांची होती. सुपातली तेवढी वाचली, बाकीची माडाच्या मुळाशी गेली.

काहीच न वापरणं हाही पर्याय आहे, भावोजींचं अगदीच चूक नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझी मावशी वर्षानुवर्षं एकाच जागी बसते आणि माणसं सवयीने येतात. पण जावेकडे ती जागाही नाही आणि ती वर्षंही नाहीत. शिवाय हल्ली मयताची बातमीसुद्धा स्टेटसवरूनच कळते.

तर जावेला सांगितलं ते असं. दुसरं सिम घे आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाक. ते फुकट असतं. कॅटलॉगमध्ये भाव लिही, म्हणजे 'केवढ्याला' याचं उत्तर दिवसभर देत बसावं लागणार नाही. टू-स्टेप पिन आजच लाव, आणि ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नको. फेसबुक मुंबईच्या नात्यांपुरतं, मित्रयादीबाहेर काही दिसू द्यायचं नाही. इन्स्टाग्राम यंदा नाही. पुढच्या वर्षी बरण्या उरल्या तर बघू. आणि धंद्याचा फोन चिरंजीवांच्या हातात नको. तो बारा वर्षांचा, या कंपन्यांच्या स्वतःच्या नियमातच वय 13 लागतं.

दुसऱ्या दिवशी तिचं पहिलं स्टेटस आलं. फोटो तिरका, लेबल उलटं, मागे दोरीवर भावोजींचा गंजीफ्रॉक. संध्याकाळपर्यंत चार बरण्या गेल्या. त्यातली एक मी घेतली.