युनियनचा पैसा आणि अमेरिकेतला उजवा टॉक रेडिओ: काय ऐकावं, काय गाळावं

'करदात्यांच्या पैशावर युनियनचं राजकारण' हे अमेरिकेतल्या उजव्या टॉक रेडिओचं जुनं पालुपद. तक्रार अगदी पोकळ नाही. पण तिच्यात तीन वेगळे पैसे कालवलेले असतात, आणि होस्ट ते वेगळे करतो का, यावरच कार्यक्रमाची प्रत ठरते.

पहिला पैसा सभासदाच्या वर्गणीचा. पगार सरकारी तिजोरीतून आला तरी तो कर्मचाऱ्याचा. त्यातून स्वखुशीने दिलेल्या वर्गणीला 'सरकारी मदत' म्हणणं ही निव्वळ चलाखी. दुसरा, सभासद नसलेल्यांकडून सक्तीने घेतली जाणारी 'एजन्सी फी'. इलिनॉय राज्याचे सरकारी कर्मचारी मार्क जानस यांच्या पगारातून महिन्याला ४४.५८ डॉलर कापले जात, पूर्ण वर्गणीच्या सुमारे ७८ टक्के. २७ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारी नोकऱ्यांत ही वसुली थांबवली. ती अजून चालू असल्याच्या सुरात कुणी बोलू लागला, तर तिथेच आवाज बंद करावा.

तिसरा, 'ऑफिशियल टाइम': केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेत, भरपगारी युनियनचं काम करणं. ही तरतूद १९७८ च्या कायद्यातली. करदात्याच्या खिशातून खरोखर पैसा जातो तो इथे, म्हणून उजव्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा हाच. मात्र संघटनेच्या अंतर्गत निवडणुका किंवा सभासद-नोंदणी यांसाठी हा वेळ वापरायला त्याच कायद्यात मनाई आहे. ही अर्धी बाजू रेडिओवर सहसा गळते.

होस्टांपैकी मार्क लेविन (संध्याकाळी ६ ते ९, ईस्टर्न वेळ) स्वतः वकील. लँडमार्क लीगल फाउंडेशन या संस्थेचं नेतृत्व त्यांनी केलं, आणि शिक्षक संघटना एनईएच्या राजकीय खर्चाविरुद्ध या संस्थेने तक्रारी केल्या होत्या. त्यामुळे कायद्याचा तपशील पक्का. आरडाओरडा मात्र सोसावा लागतो. उजव्या टॉक रेडिओचे गाजलेले होस्ट रश लिंबॉ यांची दुपारची वेळ २०२१ पासून सांभाळणारे क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन विषयावरून विषयावर उड्या मारतात. या प्रश्नासाठी ते सोडले तरी चालेल.

खरा माल स्थानिक स्टेशनांवर. मिलवॉकीचं ११३० एएम, म्हणजे डब्ल्यूआयएसएन, घ्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनांवर बंधनं घालणारा विस्कॉन्सिन राज्याचा २०११ चा कायदा, 'ॲक्ट १०', तिथे घरचा विषय. पगारातून वर्गणीची कपात बंद, वाटाघाटी फक्त मूळ पगारावर, त्याही महागाईदराच्या मर्यादेत, आणि दरवर्षी युनियनच्या मान्यतेचं मतदान. त्यात ५१ टक्के मतं हवीत ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर युनिटमधल्या, म्हणजे ती युनियन ज्यांच्या वतीने वाटाघाटी करते त्या गटातल्या, एकूण कर्मचाऱ्यांच्या. म्हणजे घरी बसलेला आपोआप विरोधात मोजला जातो. पोलीस आणि अग्निशमन दलाला यातून वगळलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी कायद्याचा मोठा भाग रद्द केला तो याच भेदभावावर बोट ठेवून. पुढे अपील झालं. पोलीस-अग्निशमनाच्या या सवलतीबद्दल होस्ट काय म्हणतो, ही त्याच्या प्रामाणिकपणाची चांगली परीक्षा.

आकडे पडताळायला अमेरिकी कामगार खात्याकडे युनियननी भरलेले वार्षिक हिशेबाचे एलएम-२ फॉर्म ऑनलाइन मोफत दिसतात. वार्षिक जमा २,५०,००० डॉलर किंवा जास्त असलेल्या युनियनना त्यात राजकीय खर्च वेगळा दाखवावा लागतो. पण ज्या संघटनेत फक्त राज्याचे किंवा पालिकेचे कर्मचारी आहेत, तिला हा फॉर्म लागू नाही. गावच्या शिक्षक संघटनेचं नाव तिथे सापडलं नाही, म्हणून लपवाछपवी समजू नये.

थेट प्रसारणात जाहिराती फार, त्यामुळे पॉडकास्ट बरा. भारतातून लेविन थेट ऐकायचे तर उन्हाळ्यात पहाटे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार.